कोरड्या तलावातली चौथी फेरी

गोदामाचे पत्रे उतरवले आणि खालून आमचा तलाव निघाला. माझा कॉलेजातला दोस्त बब्रू, त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "पत्रे काढायलेत. फरशा अजून हायेत बग. काळी पट्टी बी हाय. सर बी येणार हायेत, म्या गाडी घेऊन चाललोय आणायला. तू ये." मी काहीतरी कारण सांगणार होतो. कारणं माझ्याकडं नेहमी तयार असतात. पण सर येणार म्हटल्यावर एकही सुचेना. सकाळची पहिली एसटी धरली, येरमाळ्याला उतरलो आणि चहा न पिताच पुढच्या गाडीत चढलो. येरमाळ्याच्या फाट्यावर उतरून चहा न पिणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर काहीतरी करून पळालेला. मी आजारी नव्हतो.

कॉलेजच्या मागं पोचलो तेव्हा दहा वाजायचे होते. बब्रूची गाडी आली नव्हती. मजूर लिंबाखाली भाकरी खात बसले होते. मी काठावर उभा राहिलो. आधी वास आला. बारदानाचा, खताचा, जुन्या साखरेला पाणी लागून सुटतो तसा आंबूस. त्याच्या खाली कुठंतरी दुसरा एक वास होता, तापलेल्या पांढऱ्या फरशीचा. तो नाकानं ओळखला आणि माझे पाय हलायला लागले. मला एका जागी उभं राहता येत नाही. बायको म्हणते, तुमचं बूड कुठं टेकत नाही. नोकऱ्या तीन बदलल्या, घरं पाच. का, ते तिला कधी सांगितलं नाही.

हा तलाव माझ्या आईनं खणला. म्हणजे आईसारख्या गावोगावच्या बायाबापड्यांनी, बाहत्तरच्या दुष्काळात. कागदावर ती साठवण टाकी होती. आई पहाटे जायची आणि दिवस मावळताना कामावर मिळालेली सुकडी पदराला बांधून यायची. त्या सुकडीची चव, गुळमट आणि घशाला कोरड पाडणारी, अजून जिभेवर आहे. आई सांगायची, एवढा मोठा खड्डा झालाय, भरला की सगळ्या पंचक्रोशीला पुरंल. तो खड्डा पोरांना पोहायला आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढं फरशा बसल्यावर तिला कळलं. ती रागावली नाही. "पवायला?" एवढंच म्हणाली आणि चुलीकडं वळली.

खड्डा ज्यांच्या डोक्यातून निघाला ते चेअरमनसाहेब. सहकारी साखर कारखाना त्यांचा, कॉलेजची संस्था त्यांची, आणि त्या काळात ऊनसावलीसुद्धा त्यांनाच विचारून पडत असावी असं आम्हाला वाटायचं. ते एकदा पुण्याला जाऊन आले. तिथं कुठल्याशा कॉलेजात निळा तलाव पाहिला आणि ठरवलं की आपल्याकडं पण पाहिजे. सोलापूरहून ट्रकनं फरशा आल्या. पांढऱ्या, आणि मधोमध लांबीभर काळ्या फरशांची एक पट्टी. पंप आला, तो खोक्यातच राहिला. पाणी मात्र आलं नाही. बोअर मारली, तिला धूळ लागली. कारखान्यावरून पाइपलाइन येणार होती. ती दर वर्षी येणार होती.

तलावाला पाणी नव्हतं, पण सर आले. शिरसाट सर. गोदावरीकाठचे, त्यांच्या तोंडी नदीला नाव नव्हतं, नुसतं गंगा. अंगानं काटक, रंगानं काळे, आणि बोलताना हाताचा पंजा नेहमी जरा वाकवलेला, पाणी मागं ढकलायला असतो तसा. जाहिरातीत लिहिलं होतं, पोहण्याचे मुख्य प्रशिक्षक. बौद्ध कुटुंबातला शिकलेला मुलगा, पहिलीच पक्की नोकरी, ट्रंक घेऊन थेट तलावावरच आले. काठावर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. बब्रू तेव्हा शाळकरी पोर, काठावर होता, त्यानंच हे सांगितलं. मग चपला काढल्या, पायऱ्या उतरून खाली गेले आणि काळ्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

तेच आमचं पोहणं झालं.

कंबरेत वाकायचं. नजर खाली, काळ्या पट्टीवर. उजवा हात पुढं, डावा मागं, डावा पुढं, उजवा मागं, आणि प्रत्येक तिसऱ्या हाताला मान वळवून श्वास. पाय चालत राहायचे. खोल बाजूपासून उथळ बाजूपर्यंत चढ, वळायचं, परत येताना उतार. अशा चार फेऱ्या म्हणजे शंभर मीटर. फरशा सकाळी गार असायच्या, नऊ वाजता पोळायच्या. वरून पोरीपोरं बघत उभी राहायची आणि हसायची. कुणी ओरडायचं, "बुडताल रं." सर वर न बघता म्हणायचे, "हवेत हात मारायला जड जातंय. पाणी हलकं असतंय, धरून घेतंय आपल्याला. हितं जमलं तर तिथं लई हलकं वाटंल." आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला. दुसरं काय होतं आमच्याकडं?

खोल बाजूच्या भिंतीत एक कोनाडा राहून गेला होता. तिथं चार पांढरे खडे. येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडी वेचतात, त्यातले बब्रूच्या आईनं आणलेले. दोन फेऱ्या झाल्या, भिंतीला हात लागला, की दोन खडे उजवीकडं सरकवायचे. चार झाल्या की उरलेले दोन. सर म्हणायचे, भिंतीला हात लावल्याबिगर खड्याला हात लावायचा न्हाय. नियमांचं एक छापील पुस्तक त्यांनी विद्यापीठातून आणून वहीत उतरून काढलं होतं. तलावात उभं राहिलं तर चालतं, पण तळावरून चालत पुढं गेलं तर बाद, हा नियम त्यांनीच आम्हाला वाचून दाखवला. आणि तो वाचताना आम्ही सगळे तळावरच उभे होतो. बब्रूला हसू आवरेना. सर पण हसले.

आणि बादली. ती आठवली की अजून गालाला गार लागतं. सर घरून एक बादली पाणी आणायचे. त्यात आळीपाळीनं तोंड बुडवायचं आणि नाकातून हवा सोडायची, बुडबुडे मोजायचे. सगळ्यांची एकच बादली. संपलं की ते पाणी काठावरच्या लिंबाच्या रोपाला. एका पोराच्या वडलांना कळलं की बादली सरांच्या घरची आहे, आणि ते पोरगं दुसऱ्या दिवसापासून व्हॉलीबॉलला गेलं. सरांनी त्याचं नाव वहीतून खोडलं नाही. मी घरी सांगितलं होतं की प्रत्येकाला वेगळी बादली असते. आईनं विचारलंही नव्हतं. मी उगीचच आधीच खोटं बोलून ठेवलं होतं. ती माझी जुनी खोड.

अगदीच कोरडं होतं असं नाही. पाऊस बरा झाला तर दिवाळी ते संक्रांत आम्ही बब्रूच्या मामाच्या विहिरीत जायचो. तिथं सर पाण्यात उतरायचे. गंगेतलं पोहणं त्यांचं, लांब, सावकाश, आवाज न करणारं. एकदा विहिरीच्या पायरीवर अंग पुसता पुसता म्हणाले, "आमच्या गावात विहिरीवर आमाला येऊ देत न्हवते. गंगेला कोण आडवणार? म्हणून शिकलो." पुन्हा कधी ते बोलले नाहीत. संक्रांतीनंतर विहीर खाली जायची. मग त्या पाण्यात उडी मारणं म्हणजे कुणाच्या तरी हंड्यात पाय घालणं. सर लगेच म्हणायचे, "चला, आपल्या तलावात."

सहा वर्षं असं चाललं. मी त्यातली शेवटची दोन. कारखाना तेव्हा जोरात होता, गाळपाच्या दिवसांत सगळ्या गावावर मळीचा वास बसून असायचा. साखरेची पोती ठेवायला जागा नव्हती. एके दिवशी चेअरमनसाहेब काठावर येऊन उभे राहिले. आम्ही खाली वाकून हात मारत होतो. ते बराच वेळ बघत राहिले.

"सर," ते म्हणाले, "हे काय चाललंय?"

"शंभर मीटर, साहेब," सर खालून म्हणाले.

चेअरमनसाहेब वाईट माणूस नव्हते. हसले नाहीत. म्हणाले, "औरंगाबादच्या स्पर्धेत एक पोरगं नंबरात आणा. पहिल्या तिनात. दुसऱ्या दिवशी पाइपलाइनचं काम लावतो, शब्द देतो. न्हाय जमलं तर मात्र मला गोदाम पाहिजे. मग पवायच्या मास्तरचं तरी काय काम राहील, तुमीच सांगा."

सरांनी मान डोलावली. मग माझ्याकडं पाहिलं. तेव्हा उरलेल्या आम्हा चौघा पोरांत मीच वेगात होतो.

त्यानंतरचे दोन महिने मला झोप नव्हती. दिवसासुद्धा बसल्या जागी माझे हात हलायचे. आई म्हणायची, ह्याला वारं लागलं. मला भीती एकच होती, आणि ती हरण्याची नव्हती. सगळ्यांचं माझ्यावर आलं याची होती. सरांची नोकरी, तलावाचं पाणी, आईनं वाहिलेली माती. एकोणीस वर्षांच्या पोराच्या पाठीवर हे सगळं. हे मी आज लिहितो तेव्हा वाटतं, मी स्वतःला सोडवून घ्यायला बघतो आहे. असेल.

औरंगाबादला आम्ही चेअरमनसाहेबांच्या जीपमधून गेलो. वाटेत टायर फुटलं, उशीर झाला, सरावाला पाण्यात उतरायला मिळालंच नाही. तलाव पाहिला आणि मी काठावरच थांबलो. एवढं पाणी एका ठिकाणी, आणि कुणी ते प्यायला नेत नव्हतं. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीचा येतो तसा वास. पाणी निळं आणि इतकं स्वच्छ की तळ दिसत होता. काळी पट्टीसुद्धा, आमच्यासारखीच. सर काठावर वाकले, हात पुढं केला. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "शिक्षकांनी मागं सरा." सर मागं सरले.

शंभर मीटरला नाव पुकारलं, मी उडी मारली. विहिरीत चार हात मारले की भिंत यायची, इथं पहिल्याच हाताला कळलं की सर खरं बोलत होते. पाणी हलकं होतं. अंग आपलं आपण पुढं जात होतं. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा माझ्या मनात कोनाड्यातले दोन खडे सरकले. तिसरी फेरी उथळ बाजूकडं. श्वासाला मान वळवली की दिसत होतं, दोघं पुढं, बाकीचे मागं. मी तिसरा होतो. आहे तसा पोचलो असतो तर पाइपलाइन आली असती. उथळ बाजूला वळलो, चौथी फेरी सुरू झाली. चार हात मारले असतील. तेवढ्यात शेजारच्या रांगेतलं पाणी माझ्या कानाशी आलं. ते पोरगं माझ्या खांद्याला आलं, मग त्याचा हात माझ्या पुढं पडायला लागला.

मी उभा राहिलो. छातीएवढं पाणी होतं. वर पाहिलं, सर समोर काठावर होते, पंजा वाकवलेला, तोंड अर्धं उघडं. आमची नजर मिळाली. मग मी कंबरेत वाकलो, नजर काळ्या पट्टीवर लावली आणि तळावरून चालायला लागलो. उजवा हात पुढं, डावा मागं. डावा पुढं, उजवा मागं.

आधी गॅलरीतून एक हसला, मग सगळे. शिट्टी वाजली. मला दंडाला धरून बाहेर काढलं. पंच विचारत होते, हे काय. मी तोंड उघडायच्या आत सर मधे आले.

"साहेब, पोराची चूक नाही," सर शुद्ध मराठीत म्हणाले. मला त्यांचा आवाज अजून ऐकू येतो. "आमच्या तलावाला पाणी नाही. आमची पोरं तळावरून चालतच सराव करतात. पट्टी दिसली, सवयीनं पाय टेकले. ही सवय मी लावली. चूक माझी आहे."

चेअरमनसाहेब तिथंच होते. परत येताना आमच्याकडच्या वाशीच्या अलीकडं एका टपरीवर जीप थांबली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सर, पोरास्नी चांगलं चालायला शिकवलंत." त्या उन्हाळ्यात तलावावर पत्रे पडले. सरांचं पद गेलं. एक वर्ष कबड्डीकडं, मग संस्थेच्या दूरच्या एका हायस्कुलात. तिथूनच ते निवृत्त झाले. निरोपाला मी गेलो नव्हतो.

पुढं ती गोष्ट सगळ्या जिल्ह्यात झाली. दुष्काळी भागातला गडी पाण्यात पडला आणि सवयीनं चालायला लागला. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, सासुरवाडीला, लोक मला सांगायला लावायचे आणि मी सांगायचो. वाकून हात मारून दाखवायचो. फार चांगली सांगायचो, लोकांना ठसका लागायचा. आणि प्रत्येक वेळी सांगून झालं की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. कारण ते खरं नव्हतं. मी सवयीनं चाललो नव्हतो. शेजारचा पोरगा पुढं जाणार हे दिसलं आणि मला त्या एका क्षणात हरण्यापेक्षा बाद होणं सोपं वाटलं. चौथा आलो असतो तर सगळं माझ्यामुळं गेलं असतं. बाद झालो, तर हसण्यावारी नेता येत होतं. पाय टेकल्यावर हात मारायला मी मुद्दाम सुरुवात केली.

बब्रूची गाडी आली. मागच्या दारातून सर उतरले. फार वाळले होते. डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं आणि लिंबाकडं पाहिलं. "बादलीच्या पाण्यावर एवढा झाला," म्हणाले. मग काठी बब्रूकडं दिली, चपला काढल्या आणि मला म्हणाले, "उतरव मला खाली."

उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून आम्ही उतरलो. फरशा फुटलेल्या, मधे मधे खताचे पिवळे डाग, पण पट्टी होती. बब्रू वर थांबला, मजुरांशी बोलत.

"सर, त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"आदी चाल. फेरी अर्धी सोडू नगंस."

ते माझ्या दंडाचा आधार घेऊन उतारानं चालत राहिले. नजर खाली पट्टीवर. त्यांचा मोकळा हात आपोआप थोडा पुढं जात होता आणि मागं येत होता. भिंत जवळ आली, आमच्या डोक्याच्या वर गेली. कोनाड्यात खडे नव्हते, कोळ्याचं जाळं होतं. सरांनी भिंतीला पंजा लावला. मग माझ्याकडं पाहत थांबले. मी पण लावला. भिंत गरम होती.

"सर, मी सवयीनं चाललो नव्हतो," मी म्हणालो. "मला कळत होतं मी काय करतोय ते. तो पोरगा पुढं जात होता. मी भ्यालो."

"म्हायती हाय," सर म्हणाले. "सवयीचा माणूस खाली बगत चालतोय. तू आदी वर बगितलंस. माझ्याकडं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू पोरगं व्हतास. तुला जल्मभर भित्रा म्हणले असते. मला निसतं येडा म्हणले. येडा म्हणलेलं लवकर इरून जातंय." त्यांनी टोपी सारखी केली. "आन तुला तलावाचं पाणी न दाखवता पाण्यात सोडलं, ते बी म्याच की."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. सर भिंतीला टेकून उभे राहिले, वर मजुरांचं बोलणं चाललं होतं, लिंबाची पानं तलावात पडत होती. मग ते म्हणाले, "एक इचारू का? लई दिस झाले इचारायचं व्हतं."

"विचारा ना, सर."

"त्या तलावातलं पाणी कसं व्हतं रं? मी काठावरच राहिलो. हात घालावा म्हणलं तर मागं सरा म्हणले. पुन्ना कुटल्या तलावात उतरायचं झालंच न्हाय. गंगेवर बी वर धरण झालं, आता गावात गुडघाभर असतंय."

इतकी वर्षं लोकांनी मला विचारलं, चाललास कसा. पाणी कसं होतं ते कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि आठवू लागलो. चौथी फेरी सोडून दिली, पहिल्या तीनच आठवल्या.

"हलकं होतं, सर," मी म्हणालो. "लई हलकं. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच. धरून घेतं."

सरांनी भिंतीवरचा हात काढला आणि पंजाकडं पाहिलं.

"मग बरोबर शिकवलं व्हतं," ते म्हणाले, आणि माझा दंड धरून चढाला लागले.